गोलरेषेवरची फक्की

१२ एप्रिल

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही नुसतं हं म्हणता, म्हणून लिहिते. फुटबॉलच्या राष्ट्रीय चषकाचा अंतिम सामना यंदा आमच्या मैदानावर आहे आणि मैदान माझ्या ताब्यात आहे. जुने प्रमुख निवृत्त झाले. संघटनेचे चिटणीस म्हणाले, हा एक सामना सांभाळा, मग कायमचं बघू. थोडक्यात, एका दिवसाच्या गवतावर माझी नोकरी उभी आहे.

दुसरी बातमी तुम्हाला माझ्याआधी कळली असणार. ज्या कारखान्याच्या मैदानावर तुम्ही चौतीस वर्षं रेघा मारल्या, त्याचा संघ तीन बड्या संघांना घरी पाठवून अंतिम सामन्यात आलाय. पास सोबत आहे. गुडघ्याची सबब सांगू नका. जिना नाही, पहिल्या रांगेत खुर्ची आहे.

आमच्याकडे रेषा आता रंगाने मारतात. फक्कीची पांढरी भुकटी खात खोकणारे तुम्ही शेवटचे.

लोभ आहेच. पत्रातून थोडा दाखवलात तर बिघडणार नाही.

तुमची बारकी

१८ एप्रिल

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

पास परत पाठवतो. गुडघा बरा आहे. पण मैदानावर मी कधी खुर्चीत बसलो नाही. उभ्याने पाहिलं, नाहीतर वाकून. म्हातारपणी पाहुणा होऊन बसणं जमणार नाही. सामना हॉटेलातल्या टीव्हीवर बघेन. फाउंड्रीवाले, वॉचमन, सगळे जुने येणार आहेत. चषक कुठल्या कपाटात ठेवायचा यावर आत्ताच भांडतायत. बाजारात तुरी.

रंगाचं म्हणशील तर रंग मुका. चेंडू वर पडला तरी सांगत नाही. फक्की लगेच सांगते. चेंडू रेघेला शिवला की उडते, पंच लांब असला तरी त्याला दिसते. पूर्ण पलीकडे गेला तरच गोल, हे तुला सांगायला नको. निदान दोन्ही गोलांच्या रेघेवर, खांबांच्या मधे, रंगावरून फक्कीचा हात फिरव. फडक्यातून चाळून घे. मध्यंतरात पुन्हा.

संघ एकतीस वर्षांत पहिल्यांदा इथवर आलाय. तो जिंकावा असं किती वाटतं ते लिहीत नाही.

तू तोंड वाकडं केलेलं मला इथून दिसतंय. कळावे, जमल्यास वळावे.

तुझा बाप

२४ एप्रिल

ती. बाबांना,
शि. सा. न.

तोंड वाकडं केलं होतं, कबूल. तरी चिटणिसांना विचारलं. ते म्हणाले, फक्की वाऱ्याने उडते, टीव्हीवर मैदान पिठाच्या गिरणीसारखं दिसतं. विषय संपला. मी वाद घालणार नाही. तुम्ही चौतीस वर्षं साहेबांशी वाद घातलात आणि मदतनीस म्हणून लागलात ते मदतनीस म्हणूनच घरी आलात. मला ही नोकरी हवी आहे.

उत्तरेच्या गोलासमोर टक्कल पडलं होतं, तिथे हिरवळीचे नवे तुकडे बसवलेत. सांधा शोधून दाखवा.

रागावलात तर आईकडून लिहून घ्या. तिचं अक्षर लागतं तरी.

बारकी

६ मे

ती. बाबांना,
नमस्कार. पुढचं लिहायला हात धजत नाही.

परवाचा सामना तुम्ही पाहिलात. न दिसलेलं सांगते. सकाळी गोलरेषेपाशी ओणवी झाले. रंग चोख होता. त्यावर चेंडू आपटून पाहिला. काहीच झालं नाही. पुन्हा आपटला. मग कोठारात गेले. मागच्या बाजूला फक्कीचं एक जुनं पोतं होतं. रुमालातून चाळली. संघ यायच्या आधी दोन्ही गोलरेषांवर हात फिरवला, मध्यंतरात पुन्हा. कुणाला विचारलं नाही.

आणि ते शेवटचं मिनिट. तुमचा संघ एका गोलने मागे. नऊ नंबरने मारलेला चेंडू आडव्या दांड्याला लागला, खाली आपटला, बाहेर आला. अर्धं मैदान गोल म्हणून उठलं. मी खांबामागे बारा पावलांवर होते. फक्की उडाली. मूठभर असेल. बाजूच्या पंचाने तीच पाहिली आणि निशाण खालीच ठेवलं. नुसता रंग असता तर कदाचित त्याने गोल दिला असता.

सामना संपल्यावर मुख्य पंच तिथे येऊन वाकले. चेंडूचा ठसा अजून होता. रेषा कुणी मारली, त्यांनी विचारलं. मी मारली म्हटलं. चिटणीस शेजारीच होते. वाटलं, संपलं. पंचांनी हात पुढे केला. माझा पांढरा झाला होता, तरी धरला. आज सकाळी कायमच्या नेमणुकीचं पत्र आलं. फक्कीची दहा पोती मागवा, असंही चिटणीस म्हणाले.

पत्र समोर आहे आणि मला तुमचं हॉटेल दिसतंय. त्या माणसांत तुम्ही कसे बसला असाल? दोन ओळी लिहा. शिव्या असल्या तरी चालतील.

बारकी

११ मे

चि. बारकीस,
आशीर्वाद.

डाव्या खांबापाशी रेघ अर्धं बोट जाड आलीय. हात थांबला असणार. चालता हात थांबवायचा नाही, हे शंभरदा सांगितलंय. बाकी ठीक.

नऊ नंबर मागे झुकला, म्हणून चेंडू वर गेला. त्यात तुझा काय संबंध?

खाली तुझी आई लिहिते आहे. ती वाढवून सांगते.

बारके, ठीक काय, ठीक! मी वाढवत नाही, हे गाळतात. मी हॉटेलाच्या दारात होते. चेंडू आपटला तशी सगळी बाकांवर चढली. फाउंड्रीवाल्याचा चहा वॉचमनच्या अंगावर. हे एकटे म्हणाले, गोल नाही, फक्की उडाली. सगळे यांच्यावर तुटून पडले, घरभेदी म्हणाले. तर हे म्हणाले, ती रेघ माझ्या पोरीने मारलीय, ती खोटं सांगणार नाही. मग टीव्हीवर तेच हळू करून दाखवलं आणि एकेक जण बाकावरून खाली उतरला. वॉचमनने नवा चहा मागवला, तो आधी यांच्यापुढे ठेवला. घरी येताना रस्त्यात यांचे डोळे भरले. संघ हरला म्हणून, असं सांगितलं. मी बरं म्हटलं.

पेन परत घेतलंय. नेमणुकीच्या पत्राची नक्कल पाठव, हॉटेलात मागतायत. पुढल्या सामन्याला ती खुर्ची ठेव. पहिल्या रांगेत नको. गोलाच्या रेघेच्या अगदी सरळ. बसेन.

लोभ आहे. वाढवायला जागा उरली नाही.

मैदानप्रमुखाचा बाप