कार्थेज यंदा हरणार नाही

२ सप्टेंबर, संध्याकाळ

आजपासून शांत राहायचं. ठरलं. डॉक्टर म्हणतात ब्लडप्रेशर बरं नाही. मी मुळात शांतच माणूस आहे. लोक भडकवतात, त्याला माझा इलाज नाही.

आज बंदरात इंग्रज पर्यटकांचं जहाज लागलं. रोमन थिएटरमध्ये माझा ग्रुप, माझं स्तंभांविषयीचं भाषण, सगळं उत्तम. तेवढ्यात वेन्सेस आला. वेन्सेस म्हणजे माझ्या बायकोचा, कारिदादचा, धाकटा भाऊ, माझा मेहुणा, आणि दुर्दैवाने माझ्यासारखाच गाईड. पिवळी छत्री उंच धरून तो माझ्या ग्रुपमधूनच आपला ग्रुप घेऊन गेला. जाता जाता सांगत होता की या रंगमंचावर पूर्वी आमच्याच लोकांची घरं होती, खाली रोमन गाडलेले आणि वर बायका चड्ड्या वाळत घालायच्या. सगळे हसले. माझ्यातलेही हसले, आणि हसत हसत त्याच्यामागे गेले.

मी फक्त छत्री बाजूला केली. ती मोडली. मध्ये त्याचं नाक होतं.

संगमरवरावर थोडं रक्त सांडलं. वेन्सेस नाक धरून म्हणाला, "दाजी, इथे नाटकं व्हायची. मारामाऱ्या पलीकडे, आखाड्यात." लोक पुन्हा हसले. हे मी विसरणार नाही. म्हणजे विसरणार आहे. शांत राहायचं.

५ सप्टेंबर

आमच्या गाईड-संघटनेच्या मारावियास बाईंनी दोघांना बोलावलं. आणखी एक भांडण झालं तर लायसन्स जाईल, असं मला बजावलं. वेन्सेसला का नाही, ते कळलं नाही. त्याचं नाक भोपळ्याएवढं झालंय, त्याची दया आली असावी.

बाईंसमोर हात मिळवले. आधी त्याने दाबला. मग सभ्यपणा म्हणून मी दाबला. बोट कट्‌कन वाजलं. सुदैवाने त्याचं.

९ सप्टेंबर

किल्ल्याची टेकडी. जर्मन ग्रुप. मी सांगत होतो की इथले मोर म्हणजे शहराच्या शांत स्वभावाची खूण. भिंतीवर एक नर बसून माझ्याकडे एकटक बघत होता. त्याला पायाने हळूच सरकवलं. हळूच.

तो थेट तोंडावर आला. कपाळ फाडलं, कान फाडला. एका जर्मन बाईने मला वाचवायला पर्स फिरवली, ती मला लागली. मग मी त्याची शेपटी धरली आणि आम्ही दोघं पायऱ्यांवरून खाली गडगडलो. पिसं माझ्या मुठीत राहिली, तो उडून गेला. म्हणजे निकाल माझ्या बाजूने.

ग्रुपने भरपूर फोटो काढले. इतिहासात त्यांना इतका रस मी प्रथमच पाहिला.

घरी कारिदादने टाके बघून विचारलं, मोर होता की वेन्सेस. मी पिसं फुलदाणीत ठेवली. शांत.

१३ सप्टेंबर

आमच्या शहरासाठी रोम आणि कार्थेज लढले, ती जुनी लढाई दर सप्टेंबरात उत्सवात पुन्हा लढतात; तिची तालीम सुरू. मी कार्थेजच्या तुकडीत, तरुणपणापासून. दरवर्षी रोमन येतात, तट चढतात, शहर घेतात, आणि मी जिन्यापाशी मरतो. वेन्सेस रोमन सैन्यात आहे. दरवर्षी तोच मला मारतो. तेही सावकाश. छातीवर पाय ठेवतो आणि गर्दीला हात हलवतो.

यंदा त्याने जहाजातल्या लोकांना सांगितलंय म्हणे: चला, मी माझ्या दाजींना कसा मारतो ते बघायला. पुढच्या रांगेत खुर्च्या ठेवणार आहेत.

ठरवलं. कार्थेज यंदा हरणार नाही.

आमच्या तुकडीचं हत्यार वल्हं; गॅरेजमध्ये झाडूच्या दांड्याने त्याचा सराव केला. तिसऱ्या फटक्यात गीझर गेला. कारिदादने पाणी पुसलं. संध्याकाळी ती रोमनांचे झगे शिवायला त्यांच्या तंबूत जाते. भावासाठी, दुसरं काय. शिवणकामात दंडावर एवढे काळेनिळे डाग कसे पडतात कोण जाणे. शिवणयंत्र जुनं असेल.

१७ सप्टेंबर, दुपार

ओनोफ्रेने कॉफीला बोलावलं. ओनोफ्रे आमच्या तुकडीचा सेनापती, एरवी चष्म्यांचं दुकान चालवतो. कॉफीत ब्रँडी जरा जास्तच घातली त्याने, मग विषय काढला. म्हणाला, "गिनेस, पडायचंय. कार्थेज पडलं होतं, त्याला मी काय करू?"

मी छातीवर हात ठेवून कबूल केलं की पडेन. कधी, ते बोललो नाही.

तेवढ्यात वेन्सेसचा फ्रेंच ग्रुप आला आणि त्याने आमच्या टेबलची रिकामी खुर्ची उचलली. एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. ओढाताणीत खुर्ची सुटली आणि काचेच्या टेबलातून आरपार गेली. माझी पोटरी चिरली, एका फ्रेंच माणसाची हनुवटी. रक्त, ब्रँडी, काचा. वेन्सेस रुमाल घेऊन माझी पोटरी बांधायला वाकला. मी त्याला लाथ मारली. चांगल्या पायाने.

हॉटेलवाल्याने तक्रार केली नाही. आम्ही दोघं एकाच घरातले म्हणून सोडलं.

निश्चय: उत्सवापर्यंत वेन्सेसकडे बघायचंसुद्धा नाही.

२५ सप्टेंबर, सकाळ

आज लढाई. मन अगदी तळ्यासारखं. लढाईसाठी मिळालेलं फोमचं वल्हं घरीच ठेवलं. सांता लुसिया वस्तीतल्या एका कोळ्याकडून खरं आणलंय. दिसायला बरं दिसतं, एवढंच.

२७ सप्टेंबर, हॉस्पिटल

डाव्या हाताने लिहितोय. उजवा बांधलाय.

सगळं नीट आठवतंय. ढोल वाजले, रोमन आले. सगळ्यांत पुढे लाल तुऱ्याचा वेन्सेस. मला बघून हसला. मी वल्हं फिरवलं. ढाल फुटली. दुसरा फटका जबड्यावर, कलिंगड फुटल्यासारखा आवाज. तो खाली गेला. ओनोफ्रेने मला मागून धरलं. आपलाच सेनापती. कोपर मारला, त्याचं नाक गेलं. दोन रोमन आले, दोघंही पळाले. गर्दी काय ओरडत होती. पहिल्यांदाच कार्थेज जिंकत होतं. पुढच्या रांगेतले लोक खुर्च्यांवर उभे राहिले होते.

मग निदान सहा रोमन एकदम मागून आले. खांद्यावर घाव, गुडघ्यावर घाव, अंधार. सहाजण लागले मला पाडायला. हे लिहून ठेवलेलं बरं.

२८ सप्टेंबर

वेन्सेस भेटायला आला. जबडा तारेने बांधलेला, दात गेलेले. खुर्ची ओढून बसला. बोलणं फुसफुसत येत होतं.

"दाजी, सहा नव्हते."

त्याने मोबाइल पुढे केला. व्हिडिओत मी जमिनीवरच्या माणसाला मारतोय. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ. तो दोन्ही हात डोक्यावर धरून पडलाय आणि वल्हं वर-खाली होतंय. मग मागून एक रोमन येतो. एकच. बुटका. तलवारीची मूठ माझ्या खांद्यावर, गुडघ्यामागे लाथ, पडलो की ढाल डोक्यात. तीन हालचाली, आणि एकही वाया नाही. मग तो शिरस्त्राण काढतो.

कारिदाद.

तिने गर्दीला हात हलवला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. भावाशेजारी गुडघे टेकून त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

मी वेन्सेसला म्हणालो, पुन्हा लाव. तिचं तंत्र बघायचं होतं. त्याने पुन्हा लावलं. मला सगळं बघवलं नाही.

३० सप्टेंबर

कारिदाद सूप घेऊन आली. मी विचारलं, शिलाईचं काय झालं. म्हणाली, सुई तिने उन्हाळ्यापासून हातात धरलेली नाही. तंबूत तलवार शिकत होती.

मग विचारलं, शिरस्त्राणातून नीट दिसत नसेल, मीच आहे हे तुला कळलं होतं का.

"कळलं होतं," ती म्हणाली.

मी म्हणालो, मी थांबणारच होतो.

"नाही, गिनेस. तू थांबणार नव्हतास." तिने चमचा माझ्या तोंडापाशी धरला. "तो पडला होता. हलत नव्हता. तुझा चेहरा मी पाहिला. आता सूप घे."

सूप गरम होतं. तक्रार केली नाही.

१० ऑक्टोबर

लायसन्स गेलं. तात्पुरतं, असं मी समजतो. मारावियास बाईंच्या पत्रात तसा शब्द नाही. वेन्सेसने पोलिसांना सांगितलं की गर्दीत कोणी मारलं ते दिसलं नाही. मी त्याचे आभार मानणार आहे. योग्य वेळ बघून.

जहाजं मात्र येतच आहेत. वेन्सेसला अजून नीट बोलता येत नाही, मला बोलू देत नाहीत. म्हणून ग्रुप कारिदादकडे गेले. गाईडची परीक्षा तिने आणि मी बरोबरच दिली होती. नंतर घरात एक गाईड पुरे असं आम्ही ठरवलं. म्हणजे मी.

आठवडाभरात तिला चुका कळतील. मग विचारेल मला.

१९ ऑक्टोबर

विचारलं नाही. म्हणून आज मीच गेलो, तिला सुधारणा सुचवायला. लांबून ऐकायचं, नोंदी काढायच्या.

थिएटरमध्ये डच ग्रुप. ती वरच्या पायरीवर उभी होती. स्तंभांविषयी एक अक्षर नाही. लोक बसून ऐकत होते, कोणी फोनही बघत नव्हतं. मला बघून ती बोलायची थांबली नाही. खाली आली, सगळ्यांच्या शर्टावर होता तसा निळा गोल स्टिकर माझ्या शर्टावर चिकटवला आणि परत वर गेली.

शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, कुठल्या केबिनमध्ये आहात. मी म्हणालो, इथलाच आहे. मग तो कानाशी आला. म्हणाला, जहाजावर सगळे सांगतात की या बाईने उत्सवात एका वेड्याला आडवं केलं, खरं का. मी म्हणालो, खरं.

"तो आता कुठे असतो?"

"मुर्सियाला गेला," मी म्हणालो. मुर्सिया म्हणजे शेजारचं, आमचं जुनं वैरी शहर; यापेक्षा वाईट आमच्या गावात कोणाबद्दल बोलता येत नाही.

म्हातारा समाधानाने मान हलवत पुढे गेला. ग्रुप जिना चढू लागला. माझा गुडघा अजून नीट वाकत नाही, मी मागे राहिलो. वरून कारिदादने हात उंच केला.

"मागचे, जरा जवळ या. ऐकू येणार नाही."

गेलो.