एकविसाव्या पेटीचा घोळ

तीर्थस्वरूप भाऊजींच्या चरणी धाकट्या मेहुण्याचा नमस्कार. तुमचे गुडघे, ताईचा राग आणि दुकानाची देणी, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. (तिसऱ्याबद्दल मला शंका आहे.) आमचा ब्रशचा कारखाना, म्हणजे तुम्ही ज्याला चारचौघांत ‘मागची खोली’ म्हणता तो, बरा चालला आहे.

आजवर मालाच्या पैशांचा विषय काढला की तुम्ही म्हणायचा, “घरच्या घरात कसली घाई?” घरच्या घरात नव्हतीच हो, कारागिरांच्या घरात होती, आणि तुमचं-माझं नातं सांगून त्यांचा पगार भागत नव्हता. लाकूडवाला तर तुमचं नाव ऐकलं की रोखच मागायचा. म्हणून या वेळी हट्टाने तुमच्या बँकेचं लेटर ऑफ क्रेडिट मागितलं आणि तुम्ही फुगून बसलात. पण काय सोय आहे! ठरलेला माल पाठवल्याचे कागद दाखवायचे, पैसे तुमची बँक देणार. तुमची लहर विचारायचं कारणच नाही. त्या भरवशावर माझ्या बँकेने लाकडासाठी आणि केसांसाठी आगाऊ पैसे दिले. (केस ब्रशचे. माझे गेले ते कुठलीच बँक परत देणार नाही.) लग्नानंतर पहिल्यांदाच माल भरताना हिच्या बांगड्या हिच्याच हातात राहिल्या.

माशी शिंकली ती माझ्या प्रेमळ स्वभावामुळे. वीस पेट्या भरल्यावर वाटलं, ताईलाही घरात वापरायला थोडे ब्रश पाठवावेत. एकविसावी पेटी केली आणि बिलात इमानदारीत लिहिलं: ताईसाठी भेट, किंमत शून्य. माझ्या बँकेतल्या बाईंनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं.

“ही ताई कोण?”

“माझी सख्खी बहीण.”

“लेटर ऑफ क्रेडिटमध्ये नाहीये ती.”

फुकट आहे म्हटलं, तर म्हणाल्या, फुकट असो नाहीतर सोन्याचं, मागितलं नाही ते बिलात चालत नाही. बँक ब्रश बघत नाही, कागद बघते. बिल बदलावं तर वाहतूकवाल्याच्या पावतीवरही एकवीस पेट्याच. आता गिऱ्हाइकाने ‘हरकत नाही’ असं लिहून दिलं तरच पैसे सुटणार. तुमच्या सहीवाचून अडू नये म्हणून एवढा खटाटोप केला, आणि शेवटी तुमच्याच दारात आलो.

मुलांना आशीर्वाद.

तुमचा हक्काचा मेहुणा

ता. क. हरकत नसल्याचं पत्र तयार करून सोबत जोडलं आहे, फक्त सही हवी. शनिवारी पगार आहेत आणि बँकेचे आगाऊ पैसेही फेडायचे आहेत. खरंच घाबरलोय, भाऊजी.

ता. क. हे पत्र टाकायच्या आतच तुमच्या बँकेने तुम्हाला विचारलं म्हणे, आणि दहा टक्के सूट दिली तरच सही करीन, असं तुम्ही कळवल्याचं बाईंनी सांगितलं. बायकोला आलेल्या भेटीवर सूट मागणारं गिऱ्हाईक त्यांनीही पहिल्यांदाच पाहिलं.

ता. क. हे पत्र दुकानावर न टाकता मुद्दाम घरी पाठवतोय. घरी आलेली पत्रं कोण उघडतं ते मला ठाऊक आहे. तेव्हा ताई, वाचून झालं की भाऊजींना दे. सोबत पेनही दे.