तीन खांबांचा पूल

९ जानेवारी
स्मारक कमिटीने आज मला दोन कामं दिली. दगडावर गावच्या जवान कृष्णातच्या पलटणीचं चिन्ह कोरायचं आणि खाली त्याचा अर्थ लिहायचा. कोरणं माझा धंदा. पण अर्थ? "तू बीए हिस्ट्री हायस की रं फारूक!" — अध्यक्ष आप्पासो. कुंडलमध्ये पाट्या कोरणारा बीए मी एकटाच! सव्वीसला अनावरण.

कृष्णातच्या बायकोने, चंद्राबाईवहिनींनी, त्याच्या टोपीचा पितळी बिल्ला रुमालात बांधून आणला. इंजिनिअर पलटण. वर पूल, खाली एकमेकांवर तिरपी टाकलेली कुदळ आणि फावडं. कृष्णात पूल बांधतानाच गेला. वीस वर्षं झाली. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भावजी, हाय तसंच काढा. कायबी बदलू नगा."

११ जानेवारी
कमिटीला फावडं पसंत नाही. "लोकं म्हणतील रोजगार हमीचं चिन्ह हाय!" त्यापेक्षा तलवारी घाला म्हणे. आणि वाघ.
"वाघ कुठं, पुलावर?" मी विचारलं.
"मग काय पुलाखाली?" — आप्पासो.
यावर गंभीर चर्चा. दोनदा चहा. वाघ एका मताने पडला. तलवारींचा विषय चहात विसरला गेला, मी आठवण करून दिली नाही.

१४ जानेवारी
बिल्ल्यावरच्या पुलाला खांब तीनच. उजवं टोक अधांतरी. का? वहिनींना विचारायला हवं होतं. नाही विचारलं — कारण तोवर वाक्य सुचलं होतं! "तीन खांब म्हणजे शौर्य, श्रम आणि शिस्त. अधांतरी टोक म्हणजे कधीही न संपणारं कर्तव्य."
कोरूनही टाकलं. बायको झुबेदा वाचून म्हणाली, "हे कुठं लिवलंय?"
म्हटलं, दगडावर.

१७ जानेवारी
वाक्य वाचून आप्पासोंचे डोळे भरून आले. शाळेत पाठ करून घेतायत.

२३ जानेवारी
दहिवडीहून तानाजी हवालदार आले. कृष्णातच्याच पलटणीतले, आता रिटायर. दगडावर बोट टेकवून मोजलं. "खांब चार असत्यात रं."
मी छिन्नी खाली ठेवली.
मग त्यांनी खालचा अर्थ वाचला. परत वाचला. "न्हाई, तीनच बराबर हाय. आमीच इतकी वर्सं चार लावून फिरत हुतो!" आणि हसत नव्हते!
आप्पासो म्हणाले, "खांब कोण मोजतंय? अर्थ लय भारी हाय."
चौथा खांब कोरायला जागा आहे. पण मग टोक अधांतरी राहत नाही, वाक्य खोटं पडतं. वहिनींनी "हाय तसंच" म्हटलं होतं, म्हणून मी गप्प आहे का? की माझं वाक्य वाचावं म्हणून?

२४ जानेवारी
वाक्यासाठी.
उद्या सकाळी वहिनींकडे जाऊन कबूल करणार. मग चौथा खांब.

२५ जानेवारी
कबूल केलं. वहिनींनी पदराआडून गळ्यातला काळा दोरा बाहेर काढला. त्याला नखाएवढं पितळ.
"माझं डोरलं काढून घेतलं सगळ्यांनी. मग पलटणीकडनं ह्यांची पेटी आली, त्यात ह्यो बिल्ला. सोनाराकडनं यवढा एक खांब कापून घेतला, भावजी."
खांब तीनच ठेवले. अर्थ घासून काढला. आप्पासो विचारतील, कुठं गेला. सांगणार नाही.