वरची खोली आणि चार माइक

ता. ४ मार्च

ती. दादास धाकटीचा सा. न. वि. वि.

पायाचं प्लास्टर निघाल्याचं भाचीकडून कळलं आणि जीव भांड्यात पडला. फोनवर तू ‘बरं आहे’च्या पुढे जात नाहीस, म्हणून पत्र. घरी कधी येतोस? तुझी लेक म्हणते, बाबांना आता कायमचं इथे आमच्याकडेच राहू दे. तुझं काय म्हणणं आहे ते तुझ्या हाताने लिही. समोरच्या नर्सबाई तुझी वरची खोली भाड्याने मागताहेत. तू येणार असशील तर त्यांना नाही सांगून मी मोकळी होते.

गणवेशांचं काम आलंय. गेल्या महिन्यात डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून जरा हळूच चालतं. परवा तुझी खोली आवरली. स्टुडिओ बंद झाला तेव्हा तू घरी आणलेले ते चार रिबन माइक टेबलावर उभे धूळ खात होते. फुंकर मारून स्वच्छ केले आणि खाली माझ्या शिवणाच्या खोलीत, खणात आडवे निजवून ठेवले. त्यातला मोठा फारच गुणी निघाला, जमिनीवरच्या टाचण्या पटापट गोळा करतो.

उत्तराची वाट बघते, माया आहे तशीच राहू दे.

धाकटी


ता. ९ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून कपाळावर हात मारून घेतला. फुंकर मारलीस? अगं, त्या माइकमध्ये ॲल्युमिनियमची पट्टी असते, केसाहून पातळ. गाणारा जवळ येऊन जोरात बोलला तरी ती ताणली जाते, म्हणून मी भल्याभल्यांना मागे सरकवलं आहे. पट्टीच्या दोन्ही बाजूंना लोहचुंबक असतं, टाचण्या त्यामुळे चिकटतात. लोखंडाचा कण आत गेला की पट्टीला घासतो आणि मग नुसती खरखर. आडवा ठेवला की पट्टी मधेच झोळ खाते. तू एका दुपारीत सगळंच करून ठेवलंस.

आता असं कर. चौघांनाही उभे कर. घट्ट विणीच्या सुती कापडाची एकेक पिशवी शीव. ती सावकाश चढव, झटक्याने ओढू नकोस. पेटीत ठेवलेस तर झाकण आपटू नकोस, आतली हवासुद्धा पट्टीला सोसत नाही. शिवणाच्या खोलीतून ताबडतोब वर ने, पण खिडकीजवळ नको, तिथे ओल येते.

माझं बरं आहे. वैतागलो असलो तरी आशीर्वाद आहेतच.

दादा


ता. १४ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

मी विचारलं, घरी येतोस का. तू सांगितलंस, पिशवी कशी शिवायची. जन्मभर कापड कापणाऱ्या बाईला वीण शिकवतोस, धन्य आहे तुझी.

पिशव्या शिवल्या, नाडीसकट. टाचण्या काढायला चिमटा घेतला तर तोही जाऊन चिकटला. मग चिकटपट्टीने एकेक उचलली. माइक वर नेले. एका वेळी दोन न्यायची छाती झाली नाही, म्हणून जिन्याच्या चार खेपा घातल्या. माझे गुडघेही काही लोखंडाचे नाहीत. चौघे भिंतीशी उभे आहेत, खाली पडू नयेत म्हणून कापडाच्या गुंडाळ्यांचा आधार दिलाय. पट्टीला काय सोसतं नि काय नाही, सगळं तुला ठाऊक. सख्ख्या बहिणीच्या डोळ्याची मात्र एका ओळीने चौकशी नाही.

नर्सबाई रोज विचारतात आणि मी तोंड चुकवत फिरते. हो की नाही, एका शब्दात लिही. माइकबद्दल अवाक्षर काढलंस तर पत्र तसंच परत पाठवीन.

राग आहे, माया त्याच्याखाली आहे.

धाकटी


ता. २० मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद.

नाही. एका शब्दात मागितलंस, दिला.

तरी माइकचं लिहावंच लागतंय. स्टुडिओतल्या माझ्या जोडीदाराला निरोप धाडलाय, तो येऊन चारही घेऊन जाईल. तो अजून काम करतो, नीट सांभाळेल. मला जिना चढता येत नाही, धाकटे. प्लास्टर निघालं, पण गुडघा वाकत नाही. इथल्या दारातल्या दोन पायऱ्यांनाही लेक आणि जावई दोघं लागतात. तुला कळवलं असतं तर मशीन बंद करून माझी उस्तवार करत बसली असतीस.

सगळे चांगलं वागतात. दिवसभर टीव्ही मोठ्याने चालू असतो, तो मला सोसत नाही, पण घर त्यांचं आहे. खोली नर्सबाईंना देऊन टाक. डोळ्याला जप.

दादा


ता. २५ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं डोकं ठिकाणावर आहे का? जिना चढवत नाही एवढं सांगायला नमनालाच घडाभर तेल जाळलंस.

जोडीदार आला होता. चहा पाजून रिकाम्या हाताने परत पाठवला. नर्सबाईंना ‘नाही’ म्हणून सांगितलं. दोन दिवस फुगून होत्या, मग आपणहून मशीन वर चढवायला हात लावला. शिवण आता वरच्या खोलीत. उजेड तिथे बरा आहे. जिना नको असेल त्या गिऱ्हाइकाने दुसरा शिंपी बघावा. खालची खोली तुझी. दोनदा झाडून लादी पुसून घेतलीय, खाट दाराजवळ लावलीय, न्हाणीघरात धरायला लाकडी दांडी ठोकून घेतलीय. भाचीशी बोलले. थोडी रडली, पण शनिवारी गाडीने आणून सोडते म्हणाली.

उस्तवारीचं म्हणशील तर मला ती जमत नाही. तुझं तू करशील, अडेल तिथे हाक मारशील. माइकना मी आता बोट लावणार नाही, कुठे ठेवायचे ते तू येऊन ठरव.

संध्याकाळी मशीन थांबलं की या घरात कसलाच आवाज नसतो, दादा. ये.

धाकटी