एकशे अठरा अंगठे

रोहिणखेड,
मंगळवार, ता. १३ मार्च १९६२

तीर्थस्वरूप दादास सिंधूचा नमस्कार.

आम्ही इकडे सगळे बरे आहोत. तुम्हीही नांदुऱ्याला बरे असाल, असं लिहायची रीत आहे, पण तू बरा नाहीस हे उकंडरावांनी सांगितलं. निकाल लागल्यापासून तू दाढी केली नाहीस, आणि कोणी दारात येऊन रामराम म्हटलं की उठून आत जातोस म्हणे. वहिनीला म्हणावं, गरम पाणी समोर आणून ठेव आणि आरसा तूच धर. निवडणुकीत पडलेल्या माणसाने दाढी करू नये असा कायदा अजून झालेला नाही.

गहू घरात आला. लाल गाय व्याली, कालवड झाली. माझ्या कुरडया यंदा दोनदा फसल्या, लक्षच नव्हतं. यांचा खोकला आहे तसाच आहे. औषध घ्या म्हटलं की हो म्हणतात आणि बाटली जागची हलत नाही.

गावात अजून तुझंच बोलणं चालतं. चौऱ्याहत्तर मतांनी पडणं म्हणजे काही पडणं नव्हे, असं जो तो म्हणतो. अर्जुनरावांचं मलकापूरला कापसाचं जिन, दारात तीन जीपगाड्या. तुझ्याकडे एक सायकल, आणि तीही निशाणीची, कागदावरची. तरी त्यांना तू घाम फोडलास. हे मी तुझं मन राखायला लिहीत नाही. मन राखणारं पत्र मी मागेच लिहिलं होतं, आणि त्यात खोटं होतं.

ते सांगायलाच आज बसले आहे. जरा धीराने वाच.

उकंडराव परवा रविवारी येऊन गेले. तुझ्या वतीने ते बुलढाण्याला मोजणीला बसले होते, त्यामुळे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. आमच्या गावच्या बायकांची पेटी उघडली तेव्हा एकशे अठरा कागदांवर सायकलीवर शिक्का नव्हता, शिक्क्याच्या शाईचा अंगठा होता. साहेबांनी ते सगळे बाद करून बाजूला ठेवले. ते धरले असते तर तू आज आमदार असतास. हे उकंडरावांनी आमच्या ओसरीवर तीनदा सांगितलं. मग म्हणाले, हे काम शंकररावांचं. गावाला मत कसं द्यायचं ते समजावायचं काम तू त्यांना दिलं होतंस, ते अर्जुनरावांना फितले आणि त्यांनी मुद्दाम उलटं शिकवलं. म्हणून पाडव्याला इथलं तुझं नाल्याकाठचं सात एकर त्यांच्याकडून काढून घ्यायचं तू ठरवलं आहेस.

नऊ वर्षं ते शेत शंकरराव बटईने, अर्ध्या वाट्यावर करतात. त्या माणसाला दुसरं टीचभर रान नाही. घरी म्हातारी आई, बनाबाई आणि दोन मुली.

आमच्याकडून निघाल्यावर उकंडरावांनी त्यांना पारावर गाठलं. वीस-पंचवीस माणसं होती. शंकरराव म्हणाले, मी तर शिक्काच सांगितला होता. त्यावर उकंडराव म्हणाले, "मंग आंगठे आपोआप उमटले काय?" शंकरराव पारावरून उतरून घरी गेले. पार आमच्या दारातून दिसतो, तुला माहीत आहे. मी दारातच उभी होते. मग आत जाऊन तांदूळ निवडायला घेतले. ते निवडलेलेच होते.

तू मागे विचारलं होतंस, बायकांना हे कोणी शिकवलं. मी लिहिलं, मला काही कल्पना नाही, बायका अडाणी आहेत, चुकल्या असतील. दादा, अंगठा मी शिकवला.

मागच्या निवडणुकीत प्रत्येकाची पेटी वेगळी होती, कागद आपल्या पेटीत टाकला की झालं. यंदा सगळ्यांच्या निशाण्या एकाच कागदावर, म्हणून बायका घाबरल्या होत्या. तू नमुन्याचे कागद पाठवलेस. काम शंकररावांचं, पण बायकांना मीच सांगते म्हणून मी दुपारी आमच्या अंगणात बायका गोळा केल्या, बशीत कुंकू कालवलं आणि एकेकीला बोलावून सायकलीवर अंगठा उमटवायला लावला. फार छान उमटत होते. शंकरराव आपल्या वस्तीतल्या बायका घेऊन आले होते, ते फाटकाशी उभे होते. तिथूनच म्हणाले, "ताई, आंगठा नका सांगू त्याइले. तिथं शिक्का राह्यते, तोच मारा लागते." कागदाच्या मागे तसं छापलं आहे, असंही म्हणाले. मी मागची बाजू वाचली नव्हती. सातवी पास झालेली मी!

मला खरंच वाटलं होतं की अंगठा पक्का. सोसायटीच्या कागदावर, कोर्टात, खरेदीखतावर या बायकांनी जन्मभर अंगठाच दिला, आणि तो कधी कोणी नाकारला नाही. शिक्का काय, ज्याच्या हाती असेल त्याचा. एवढंच बोलले असते तर चूक म्हणून सोडून देता आलं असतं. पण मी सगळ्यांसमोर म्हणाले, "शंकर, आता तू शिकवशीन काय मले?"

बायका हसल्या. तूही त्यांना शंकरराव म्हणतोस, मीही म्हणते, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे आहेत. त्या दिवशी मी त्यांचा राव काढून घेतला.

इथपर्यंत तू मला माफ करशील, ते मला ठाऊक आहे. बाईमाणूस, चुकली, म्हणशील. पण एवढ्यावर भागत नाही.

मतदानाच्या दिवशी आठच्या ठोक्याला मी पहिली आत गेले. साहेबांनी कागद दिला, हातात शिक्का दिला आणि हाच मारायचा म्हणून सांगितलं. मी आडोशाला जाऊन सायकलीवर शिक्का मारला. माझं मत बाद झालेलं नाही, दादा. त्या पेटीतल्या चांगल्या मतांत माझं आहे.

बायका हरभरा सोंगायला गेल्या होत्या, दुपारनंतर येणार होत्या. म्हणजे माझ्या हाती चार तास होते. एका गड्याला शेतात पाठवलं असतं तरी पुरलं असतं. शंकरराव रस्त्याच्या पलीकडे उभे होते, त्यांना नुसतं 'तुमचं बरोबर होतं' म्हटलं असतं तर पुढचं सगळं त्यांनी केलं असतं. मी घरी आले आणि वरण शिजायला टाकलं. अंगठाही चालत असेल, असं मनाशी म्हणत राहिले. चालत नाही हे मला कळलं होतं. साहेब बायकांनाही शिक्काच सांगणार, पण त्या माझंच ऐकणार, हेही ठाऊक होतं. पण ज्या बायकांसमोर त्यांना गप्प केलं, त्यांच्यासमोरच त्यांना खरं म्हणायचं, ते माझ्याच्याने झालं नाही. तू एवढ्यासाठी पडलास.

काल मी त्यांच्या घरी गेले. बनाबाईने बाज टाकली, पाणी दिलं, ते मी प्याले. त्या घरचं पाणी मी कधी प्याले नव्हते. शंकररावांना विचारलं, पारावर माझं नाव का नाही घेतलं? ते म्हणाले, "माह्यं कोन आयकते, ताई? त्या दिवशी तुमी तरी आयकलं काय?"

मी उठून घरी आले.

संध्याकाळी यांना सगळं सांगितलं. सुपारी कातरता कातरता म्हणाले, लिहून टाक.

तर शेत शंकररावांकडेच राहू दे. माझ्या शब्दाखातर नको, त्यांचं आहे म्हणून राहू दे. आणि नाव चारचौघांत घालवलं, ते चारचौघांतच परत दे. होळीच्या आत इकडे ये, उकंडरावांना बरोबर आण, पारावर माणसं बसव आणि हे पत्र मोठ्याने वाच. मतदानाच्या दिवसाचं गाळू नकोस. तू आला नाहीस तर मी पारावर जाऊन सांगेन, आणि ते मी करणार हे तुला माहीत आहे.

माझ्यावर राग धरायचा तुझा हक्क आहे. यंदा आखाजीला मला न्यायला कोणी आलं नाही तर मी समजून घेईन. वहिनीला माझा नमस्कार सांग, तिने तुझ्यासाठी सोळा गावं पायी पालथी घातली, तिच्याकडे बघायची मला लाज वाटते. तू निवडून यावास असं मला फार वाटत होतं, दादा. ते खोटं नव्हतं.

एरवी मी पत्राखाली 'तुझी सिंधू' लिहिते. हे पत्र लोकांसमोर वाचायचं आहे, आणि कोणती सिंधू असं कोणी विचारायला नको, म्हणून खाली पूर्ण सही करते.

सौ. सिंधू भगवानराव खर्चे