गावकीचा ठराव आणि माझा थीसिस

३ ऑक्टोबर १९३२, वरंधच्या वरची वाडी
पोचलो. थीसिसचा विषय ‘मद्यपान आणि रोगांचे प्रमाण’. निष्कर्ष मुंबईतच लिहून झालाय: जो पितो तो आजारी पडतो. आता फक्त माहिती गोळा करायची. पंधरवड्यात प्रोफेसरसाहेब तपासायला येतील. पटलं तर फेलोशिप, नाहीतर वडिलांची लाकडाची वखार. पटणारच!
संकल्प: पहाटे पाचला उठणे. दारूच्या थेंबालाही न शिवणे.

४ ऑक्टोबर
आठला उठलो. डोंगराची हवा जड असते. घरोघर विचारलं, कुणी तोंड उघडेना. ठमाबाई, जिच्या पडवीत मी उतरलोय, म्हणाली, ‘एकेकट्यानं कसं सांगायचं? गावकी बसल, काय ते ठरल.’ म्हणजे साऱ्या वाडीची बैठक. उत्तम, माझी पायपीट वाचली. आजाऱ्यांना हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या फुकट, असं जाहीर केलं.

६ ऑक्टोबर
गावकी बसली. कोंडाजी, गिरणीतून परतलेला वाडीचा पुढारी, उभा राहिला. ‘लिवा सायेब. दारू कोन पीत नाय. आजारी समदे हायत.’ लगेच गोळ्यांसाठी रांग. गोळ्या संपल्या.
आता माझ्या सर्व्हेप्रमाणे न पिणारेच आजारी. हरकत नाही. शास्त्रात असं व्हायचंच.

७ ऑक्टोबर
कोंडाजीला बाजूला घेऊन समजावलं, खरं सांगा. तो म्हणाला, ‘तुमाला किती पिनारे पायजेत? गावकी परत बसवतो.’ मनातून भयंकर चिडलो. वरून हसलो.

१० ऑक्टोबर
हुडहुडी भरून ताप. अख्ख्या वाडीत आजारी मी एकटा! ठमाबाईनं मोहाची दारू मिरी घालून, कढत करून पुढे केली. बाणेदारपणे नकार दिला.

१० ऑक्टोबर, संध्याकाळ
घेतली. औषध म्हणून घेतलेली दारू मद्यात मोडत नाही. थीसिसमध्ये तळटीप देईन.

१३ ऑक्टोबर
ताप नाही. खबरदारी म्हणून औषध चालू. काल मी कोंडाजीच्या अंगणात नाट्यगीत म्हटलं म्हणे. मला आठवत नाही, म्हणजे म्हटलं नसणार.

१६ ऑक्टोबर
उद्या साहेब येणार. गावकीला बजावलं, डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगा. सगळ्यांना पटलं. फेलोशिप हातात आल्यासारखीच.

१७ ऑक्टोबर
साहेबांनी विचारलं, इथे दारू कोण पितं? कोंडाजी उठला. ‘गावकीनं ठरवलंय, डोल्यांनी बघितलंय तेच सांगायचं. पितात ते हे एकटे सायेब. आजारी बी हेच पडले.’ सगळ्यांच्या माना हलल्या. ठमाबाईनं माझी ‘औषधाची’ वाटी आणून दाखवली.
मी ओरडून सांगितलं, आधी ताप आला, मग घेतली! साहेबांनी विचारलं, म्हणजे प्यायल्यावर बरे झालात? ‘हो’ म्हणावं तर थीसिस बुडतो, ‘नाही’ म्हणावं तर मी. रडू आलं.

१८ ऑक्टोबर
महाडकडे निघालो. वडील वखार पहाटे पाचला उघडतात. एक संकल्प तरी पार पडेल.