बाबांनी गव्हात काढलेलं वर्तुळ

मी, श्रावस्ती मच्छिंद्र सरवदे, वय २७, बी.एस्सी., राहणार सोनारी, ता. परंडा, पूर्ण शुद्धीवर व कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहिते. माझी दोन्ही मूत्रपिंडं निकामी आहेत. हात सुजल्यानं अक्षर वाकडं आलं आहे, विचार नाही.

१. वडिलांच्या जमिनीतला माझा हिस्सा व बँकेतली शिल्लक आई केशरबाई हिला.

२. माझी पुस्तकं गावच्या शाळेला. ती कपाटात कुलूपबंद ठेवू नयेत. मुलींना घरी नेऊ द्यावीत.

३. तिवडा, म्हणजे खळ्याच्या मधोमध रोवायचा खांब, लांब दोरी आणि फळी भाऊ बुद्धघोष याला. यांचा खुलासा करणं मला भाग आहे.

आजारपणात मी बाबांना मोबाईलवर परदेशी पिकांत उमटलेली वर्तुळं दाखवली. त्यांतली कितीतरी तिकडच्याच दोन म्हाताऱ्यांनी दोरी-फळीनं केली होती, हेही सांगितलं. बाबा म्हणाले, "त्यांनी जन्मात कधी खळं केलंय का? मंग? मला काय धाड भरली?"

मी दवाखान्यातून परतले त्या सकाळी बाबांनी मला पाठीवर घेऊन घराच्या माळवदावर नेलं. खाली आमच्या गव्हात भला मोठा गोल आडवा झाला होता. कितीतरी दिवसांनी मी हसले.

दुपारपर्यंत गाव लोटलं. कोणी देवाची खूण म्हणालं, कोणी यान उतरलं म्हणालं. ज्यांनी कधी आमच्या बांधावर पाऊल ठेवलं नव्हतं, ते चपला काढून आत आले. मी खरं सांगायला उठले, तर बाबा कुजबुजले, "गप बस, बाई. वाड्यावरचे अमरसिंहदादा आपल्या घागरीचं पाणी प्यालेत. पुन्हा मागून प्यालेत."

मी गप्प बसले. गावभर पोरांना 'पुरावा मागा' म्हणून शिकवणारी मी.

मागच्या वर्षी बाबा गेले. लोकांनी त्या जागेभोवती दगड मांडलेत, तिथं पेरू देत नाहीत; येणारे बांधावरच्या आमच्या घागरीतलं पाणी मात्र अजून पितात. ते काम आता देवाचं आहे, यानाचं आहे, फक्त माझ्या बापाचं नाही.

४. माझ्या माघारी दगड काढून यंदा तिथं गहू पेरावा. बांधावर पाटी लावावी: 'इथलं वर्तुळ मच्छिंद्र सरवदे यांनी लेकीसाठी केलं.' आई म्हणते, "पाटी लागली की घागर भरलेलीच राहतीय, बघ." राहिली तर रोज शिळं पाणी ओतून ताजं भरावं.

ही माझी पहिली आणि शेवटची लेखी इच्छा.

सही: श्रावस्ती मच्छिंद्र सरवदे
सोनारी, १२ सप्टेंबर २०२४

आमच्यासमक्ष सही केली:
१. जगदेवी कांबळे, परिचारिका (सही)
२. चैताली शिंदे, मैत्रीण (सही)

कायद्याला दोन साक्षीदार पुरतात. तिसरी जागा अमरसिंहदादांसाठी सोडली आहे. दादा, आधी सगळं वाचावं. मग तहान लागली तर घागर बांधावरच आहे.

३. ____________________